सोसायटीत रंग धुळवडीला की पंचमीला? आणि बाकीच्या सणांचं काय?

सोनचाफा | १६ फेब्रुवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एका सोसायटीत राहते. यंदा सांस्कृतिक समिती माझ्या गळ्यात पडली आहे आणि पहिल्याच मीटिंगला जुंपली ती रंगावरून.

पुणे-मुंबईहून आलेली मंडळी आणि आमचे उत्तर भारतीय शेजारी म्हणतात, सुट्टी धुळवडीला असते, मुलं घरी असतात, तेव्हाच रंग खेळू. जुने नाशिककर म्हणतात, धुळवडीला कोणी रंग खेळतं का? तो पंचमीलाच. दोन्ही दिवस खेळू म्हटलं तर खजिनदार काका पाण्याच्या टँकरचा हिशेब काढून बसले.

तेवढ्यात सी विंगमधल्या एका काकूंनी विचारलं, "वर्गणी सगळ्यांची आणि सण ठरावीक चार, असं का?" गेल्या वर्षीची यादी पाहिली तर गणपती, दांडिया, कोजागरी आणि ३१ डिसेंबर. संपलं. आमच्याकडे मल्याळी आहेत, बिहारी आहेत, एक सिंधी कुटुंब आहे, दोन मुस्लिम घरं आहेत, आणि मराठी म्हणावीत तर त्यांच्यातही कुणाचं कुणाशी जमत नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या घरी खरोखर मोठे सण कोणते? कसे करता? आणि सोसायटीकडून काय अपेक्षा असते?

---

जुनानाशिककर | १६ फेब्रुवारी, रात्री १०.०५

रंग पंचमीला. विषय संपला. :)

आता कारण सांगतो. आमच्याकडे धुळवड हा वीरांचा दिवस. संध्याकाळी घरोघरचे वीर वाजतगाजत गंगेवर नेतात, स्नान घालतात, नाचवतात. (नव्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) लहान पोरांना राम, मारुती, शिवाजी महाराज असं काय काय सजवून नेतात. आणि दाजीबा वीराची मिरवणूक. त्याला बाशिंग बांधलेलं असतं, म्हणून बाशिंगे वीरही म्हणतात. लग्नाच्या हळदीत असतानाच मारला गेलेला तरुण अशी कथा सांगतात. बायका दारात थांबून ओवाळतात. आता सांगा, त्या दिवशी पिचकाऱ्या घेऊन कोण फिरणार?

रंगासाठी पंचमी आणि पंचमीसाठी रहाडी. पेशव्यांच्या काळापासूनचे हे हौद वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात. वरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात, कुणाला पत्ताही नसतो. पंचमीच्या आधी माती काढायची, फळ्या उचलायच्या, हौद धुवायचा, पूजा करायची. शनि चौकाचा रंग गुलाबी, तिवंध्याचा पिवळा, दिल्ली दरवाज्याचा केशरी. प्रत्येकाचा ठरलेला, तो बदलत नाही. फुलं उकळून केलेला रंग. काठावरून धप्पा मारायचा, म्हणजे अशी उडी की पाणी बाहेरच्यांच्या अंगावर गेलं पाहिजे. सरळ पाय खाली करून उडी मारणाऱ्याला लोक हसतात. गुडघे छातीशी घ्यायचे आणि पाठ टेकवायची.

यंदा पंचमी ८ मार्चला, रविवार आहे. सुट्टीचं कारणही गेलं.

---

नेमकं_बोला | १६ फेब्रुवारी, रात्री १०.२०

म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हेच भांडण. आणि पाण्याचं काय? फेब्रुवारीतच आमच्याकडे दिवसाआड टँकर येतोय.

---

पंचांगवाले_काका | १६ फेब्रुवारी, रात्री ११.१२

सोनचाफाताई, तुमच्या यादीतली निम्मी भांडणं श्रद्धेची नसून दिनदर्शिकेची आहेत. एकदा हे कळलं की वाद निम्म्यावर येतो.

आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षात नाव बदलतं. कालचीच महाशिवरात्र घ्या. आपण माघ वद्य चतुर्दशी म्हणतो, ते फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणतात. दिवस तोच. गोकुळाष्टमी आपली श्रावणात, त्यांची भाद्रपदात, पण रात्र एकच. गंमत होते ती श्रावणी सोमवारी. त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, त्यामुळे शेजारच्या शुक्लाभाभी उपास धरतात तेव्हा आपल्याकडे आषाढ चालू असतो. आणि आषाढाच्या त्या शेवटच्या पंधरवड्यात आपल्या लोकांच्या स्वयंपाकघरात काय शिजत असतं ते सांगायला नको!

तमिळ, मल्याळी, पंजाबी, बंगाली यांचं नववर्ष सूर्यावर चालतं, म्हणून पुथांडू, विशू, बैसाखी आणि पोयला बैशाख दरवर्षी १३ ते १५ एप्रिलमध्ये येतात. आपली संक्रांतही सूर्याचीच, म्हणून ती १४ जानेवारी सोडून फारशी हलत नाही. गुजराती व्यापाऱ्यांचं वर्ष आपल्या बलिप्रतिपदेला सुरू होतं. पारशांत शहेनशाही पंचांगाला लीप वर्ष नाही, म्हणून त्यांचं नववर्ष सरकत सरकत ऑगस्टात आलं. २१ मार्चचा जमशेदी नवरोज मात्र वसंतसंपाताला बांधलेला. देवळालीकडच्या पारशी ओळखीच्यांना विचारा, दोन्ही करतात आणि दोन्ही दिवशी जेवायला बोलावतात.

हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यात अधिकमास नाही, म्हणून ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. आपण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून गाडी परत जागेवर आणतो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. गणपती थेट १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. हॉल बुक करताना लक्षात ठेवा.

आणि यंदाचा मार्च बघा: १९ ला पाडवा, २० ला सिंधी लोकांचा चेटीचंड, २१ ला नवरोज, आणि चंद्र दिसला की त्याच सुमारास रमझान ईद. मग २६-२७ ला रामनवमी. समितीने या पंधरा दिवसांत वेगळा कार्यक्रम ठेवूच नये. लोक आपापले दमलेले असतील.

---

सोनचाफा | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

काका, दंडवत. हा प्रतिसाद प्रिंट काढून नोटीस बोर्डवर लावते.

---

खानदेशी_वांगं | १७ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

आम्ही मूळचे सटाण्याकडचे, आता सिडकोत. नाशिक जिल्ह्यातच राहून कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्टा सोडला की आमचे सण कुणाला माहीत नसतात, याची मला कायम मौज वाटते.

आमचा मोठा सण आखाजी. तुमची अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं आणि आमरस, बास. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरतात, सांजोऱ्या होतात. गावाकडे सालदाराचं वर्षही आखाजीला संपून नवं सुरू होतं. मुलीला दिवाळीला नाही आणलं तर चालेल, आखाजीला नाही आणलं तर सोयरे बोलतात.

दुसरी कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडी. रात्रभर जागरण आणि सोमवारी सकाळी डोक्यावर चौरंग घेऊन विसर्जन. यातलं महत्त्वाचं म्हणजे रोट. घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने सव्वाच्या मापाने गहू घ्यायचे. ते दळण बाहेरच्या पिठात मिसळायचं नाही, म्हणून चक्कीवाला आमच्यासाठी चक्की धुऊन पुसून देतो आणि आधीचं पीठ झटकून काढतो. त्या दिवशी सिडकोतल्या चक्कीवर खानदेशी बायांची रांग बघा एकदा. आणि हा रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचा नाही. शेजाऱ्याला पुरणपोळी देऊ, खीर देऊ, पण रोट नाही. नवीन शेजारीण एकदा रुसली होती, "एवढं शिजवलं आणि ताट नाही पाठवलं" म्हणून.

म्हणून ताई, आमचा सण "सार्वजनिक" करू नका, तो होणारच नाही. आम्हाला फक्त एक रात्र पार्किंगची कोपऱ्यातली जागा द्या आणि दहानंतर स्पीकर बंद केला तर टाळ्यांवर गाणी म्हणू द्या.

---

मालवणी_तडका | १७ फेब्रुवारी, सकाळी ११.००

गौरींवर कुणी बोललं नाही अजून? मी सिंधुदुर्गाची, नवरा यवतमाळचा, घर नाशिकला. लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात दोन्ही घरांचं पितळ उघडं पडलं.

आमच्याकडे तेरड्याची गौर, आणि दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य. मटण-वडे. गौर माहेरवाशीण आहे, तिला आवडतं ते करायचं, एवढं साधं. सासरी महालक्ष्मी. दोन उभ्या मूर्ती, मुखवटे, पोटात धान्य, पुढे बाळं, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कडक सोवळं. मी पहिल्या वर्षी निरागसपणे विचारलं, "उद्या मटण किती आणायचं?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला तो अजून आठवतो. शेजारच्या कोकणस्थ आजींकडे तर नदीवरचे पाच-सात खडे आणले की गौर बसली.

तीन घरं, तिघं मराठी, एकच जिना. मल्याळी आणि बंगाली नंतर बघू, आधी आपलंच ठरवा.

---

जुनानाशिककर | १७ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

त्यात पोळा घाला. आमच्याकडे आणि खानदेशात श्रावण अमावास्येला. पुण्याकडच्या काही भागात भादव्यात. कोल्हापूर-सांगलीत बेंदूर, तोही आषाढात. बैल तोच.

---

बंगाली_गांधीनगर | १७ फेब्रुवारी, दुपारी १.४०

@मालवणी_तडका, तुमचं मटण वाचून हायसं वाटलं. :)

आजोबा छापखान्याच्या नोकरीत इकडे आले, मी जन्माने गांधीनगरची. मराठी शाळेत शिकले, बंगाली लिहिता येत नाही नीट. आमची दुर्गापूजा आणि तुमचं नवरात्र एकाच वेळी येतं आणि तिथेच पंचाईत. तुमच्याकडे घट बसले की नऊ दिवस उपास, अनवाणी, कांदा-लसूण बंद. आमच्याकडे देवी मुलाबाळांसकट माहेरी आलेली असते, म्हणजे जेवणखाणाची चंगळ. अष्टमीला खिचुडी आणि भाजी, पण नवमीला मटण बऱ्याच घरी ठरलेलं. लिफ्टमध्ये वास आला की लोक बघतात. कुणी काही म्हणत नाही, पण बघतात.

आणि लक्ष्मी आम्ही दिवाळीत नाही, कोजागरीला पुजतो. तुम्ही गच्चीवर दूध आटवत असता तेव्हा आम्ही घरात तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढत असतो. दिवाळीच्या अमावास्येला आमच्याकडे कालीपूजा. समितीने कोजागरीला "सगळ्यांनी ८ वाजता गच्चीवर यावं, गैरहजर राहू नये" असा मेसेज टाकला होता. आम्ही गेलो नाही, तर "हे लोक मिसळत नाहीत" असं झालं.

---

गुलशनाबादी | १७ फेब्रुवारी, रात्री ८.२५

नाव बघून अंदाज आला असेल. मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. मी जुन्या नाशिकचा, आता इंदिरानगरला फ्लॅटमध्ये.

आधी एक विनंती, हात जोडून. मोहरमला "हॅपी मोहरम" पाठवू नका. तो इमाम हुसेन यांच्या शहादतीचा दिवस आहे. फुलांचे फोटो येतात, पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून गप्प बसतो.

मोहरमवरून सांगतो. सारडा सर्कलजवळच्या इमामशाही दर्ग्यात अळिवाचा ताबूत होतो, आम्ही "हालो का ताजिया" म्हणतो. बाळंतिणीला लाडू करून देतात ना, तेच अळीव. बांबूच्या सांगाड्याला कापूस लावून त्यावर बी पेरतात आणि पाणी शिंपडत राहतात. काही दिवसांत अख्खा ताबूत हिरवागार. खांदा द्यायचा मान हिंदू कोळी बांधवांचा आहे. लहानपणी मला वाटायचं सगळीकडे ताबूत असाच हिरवा असतो. मालेगावच्या पाहुण्यांनी हा प्रकार बघून तोंडात बोटं घातली तेव्हा कळलं.

परवापासून बहुतेक रोजे. सोसायटीकडून कार्यक्रम बिलकुल नको. स्टेज, सत्कार, टोपी घालून फोटो, काही नको. आमची सोसायटी रात्री बारा ते सहा एक लिफ्ट बंद ठेवते आणि पाण्याची मोटर पहाटे साडेपाचला लावते. महिनाभर मोटर पावणेचारला लावली तर सहेरीच्या वेळी सातव्या मजल्यावर पाणी येईल. एवढंच. शीरखुर्मा सगळ्या मजल्यांवर येतो, त्याची काळजी करू नका.

---

नेमकं_बोला | १७ फेब्रुवारी, रात्री ८.५०

मोटरचा आवाज पहिल्या मजल्यावाल्यांना येतो, हेही लिहा.

---

गुलशनाबादी | १७ फेब्रुवारी, रात्री ८.५५

पहिल्या मजल्यावर मीच राहतो. सातव्यावर माझी बहीण. :)

---

ठेकुआ_आणि_मिसळ | १७ फेब्रुवारी, रात्री १०.१०

वडील सिवानहून सातपूरच्या कंपनीत आले, मी इथेच वाढलो. माझी मिसळ तिखट लागते, माझा ठेकुआ घरचा लागतो.

आमच्यासाठी दिवाळी ही छठची तयारी. कार्तिक शुक्ल षष्ठी. काकांनी सांगितलंच की शुक्ल पक्षात नावाचाही घोळ नाही. चार दिवसांचं व्रत: नहाय-खाय, खरना, मग मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि दुसऱ्या दिवशी उगवत्याला. खरन्याच्या जेवणानंतर आई ३६ तासांच्या आसपास पाणीसुद्धा घेत नाही. पुरोहित लागत नाही, मूर्ती नसते. सुपात ऊस, नारळ, केळी, ठेकुआ. आम्ही रामकुंडावर जातो, तिथे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मावळत्या सूर्याला हात जोडणारा सण आमच्याइतका मोठा कुणाचा असेल असं वाटत नाही.

सोसायटीकडून अपेक्षा? पहाटे तीनला गेट उघडा. गेल्या वर्षी वॉचमन झोपला होता आणि आई डोक्यावर सूप घेऊन, दीड दिवसाच्या निर्जळी उपासात, गेटच्या आत उभी. आणि आणखी एक, रंगाचं. आमच्याकडे धुळवडीलाच होळी असते, म्हणून दोन दिवस हवेत हा हट्ट नाही. सकाळी गुलाल लावून मोठ्यांच्या पाया पडू द्या, तेवढं पुरे. पाण्याचा रंग तुमच्या पंचमीला खेळतो, खुशीने.

---

निळी_पहाट | १८ फेब्रुवारी, सकाळी ८.००

धागा चांगला चाललाय म्हणून लिहिते. आमचं बौद्ध घर. गणपती, नवरात्र, सत्यनारायण नाही. आमचे दिवस १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. बुद्धपौर्णिमेला पांढरे कपडे, वंदना, खीर, आणि संध्याकाळी त्रिरश्मी लेण्यांकडे जातो (बहुतेक लोक पांडवलेणी म्हणतात). पायथ्याशी स्मारकात गर्दी असते. पोरं वर चढून येतात, आम्ही खाली बसतो.

तारीख-तिथीचा वाद आमच्यातही आहे बरं का. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली त्या १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमी होती. काही जण तारीख धरतात, काही अशोक विजयादशमी म्हणून दसरा धरतात. आमच्या घरात दोन्ही. उद्या १९ ला शिवजयंती आहे, तीही तिथीने पुन्हा ६ मार्चला येईल, तेव्हा आम्हाला नावं ठेवू नका.

वर्गणीबद्दल. आम्ही देतो, कधी नाही म्हटलं नाही. पण पावतीवर "श्री गणेशोत्सव वर्गणी" लिहून आणतात आणि वर म्हणतात, "अहो, तेवढं काय मनावर घेता." "सांस्कृतिक निधी" लिहायला शाई जास्त लागत नाही.

---

जुनानाशिककर | १८ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

पावतीचं शंभर टक्के पटलं.

काकांनी रामनवमीची तारीख दिलीच आहे, पंचवटीतल्या काळारामाच्या रथाचं मी अजून लिहिलं नव्हतं. कामदा एकादशीला गरुडरथ पुढे आणि रामरथ मागे निघतो. रामरथ नदी ओलांडत नाही. मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, म्हणजे उलटे पावलं टाकत चालतात, पूर्ण वाट. दोर ओढायला तालमीची पोरं असतात. सोसायटीतल्या मुलांना एकदा नेऊन दाखवा, ताई. बसचा खर्च सांस्कृतिक निधीतून. :)

---

निळी_पहाट | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

जरूर न्या. पण मुलांना त्या देवळाची दुसरी गोष्टही सांगा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. त्याच वर्षी रामनवमीच्या उत्सवात हाच रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. सत्याग्रह पाचेक वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा झाली, "हिंदू म्हणून मरणार नाही" ही. माझी आजी रथाच्या दिवशी पंचवटीत जात नसे. का, ते मला फार उशिरा कळलं.

मी स्वतः रथ बघितलाय, कॉलेजात असताना, मैत्रिणीबरोबर. गर्दीत कुणी जात विचारली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

---

जुनानाशिककर | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.४५

सांगू. दोन्ही सांगू. पूर्व दरवाज्यापाशी उभं करूनच सांगू.

---

शरणपूर_रोड | १८ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

आज राखेचा बुधवार, आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, आणि गुलशनाबादींचे रोजे उद्यापासून दिसताहेत. यंदा दोघे बरोबर उपाशी!

ईस्टरची तारीखही चंद्रावरच ठरते. २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार. यंदा ५ एप्रिल, आणि त्याआधी ३ ला गुड फ्रायडे. गुलशनाबादींच्या विनंतीला माझीही पुरवणी: "हॅपी गुड फ्रायडे" नको हो. त्या दिवशी आमच्याकडे घंटासुद्धा वाजत नाही.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मराठी ख्रिस्ती. नाताळाचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शेव, रव्याचे लाडू, जोडीला केक. शेजारी विचारतात, "हे तर दिवाळीचं!" आजीचा सोऱ्या एकच होता, दुसरा कुठून आणणार?

परवाच नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा झाली. दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी. गोवा, मुंबई, कुठून कुठून लोक येतात, आणि रांगेत निम्म्या बायका कुंकू लावलेल्या. नवस बोलतात, फेडतात. फादर काही म्हणत नाहीत.

(विषयांतर: शरणपूरची वस्ती मिशनऱ्यांनी वसवली तेव्हा गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं इथल्या शाळेत शिकत. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले, त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत जेकब वेनराइट हा इथलाच विद्यार्थी होता. तुमच्या-माझ्या आधी नाशिकमध्ये किती ठिकाणची माणसं नाताळ करून गेली बघा.)

सोसायटीकडून काय हवं म्हणाल तर ३१ डिसेंबरच्या डीजेला "ख्रिसमस पार्टी" म्हणू नका. तेवढं केलंत तरी फराळ पाठवते.

---

डोंगरकोर | १८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५

सुरगाण्याकडचा कोकणा आदिवासी. अंबडला नोकरी, भाड्याची खोली.

तुम्ही सगळे वसुबारस करता. गाय-वासराची पूजा. आमच्याकडे त्याच तिथीला वाघबारस. आम्ही वाघाला पुजतो. गावाच्या शिवेवर वाघदेव असतो, दगडाचा किंवा लाकडाचा, त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले. शेंदूर लावायचा. गुराखी पोरं घरोघर धान्य मागतात, रानात खीर शिजवतात. एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला हाकलतात. मागणं एकच, आमच्या गुरांवर येऊ नको, तुझं रान तुला. तुमची पूजा गाय वाढो म्हणून, आमची तिला खाणारा शांत राहो म्हणून. जनावरं रानात चरायला सोडणाऱ्या माणसाला दुसरी पूजा जास्त कळते.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव. भाया (व्रत धरलेले पुरुष) घर सोडून राहतात, पावरी वाजते, रात्री गडावर जातात. त्या दिवसांत खोलीवर राहणं जीवावर येतं. कंपनीत दिवाळीला चार दिवस सुट्टी मिळते तेव्हा मी ओव्हरटाइम करतो आणि डोंगऱ्यादेवाला रजा टाकतो. सुपरवायझर दरवर्षी विचारतो, "आता कसला सण?"

सोसायटीचं मला माहीत नाही, मी चाळीत राहतो. पण कंपनीच्या रजेच्या यादीत एक मोकळा खाना ठेवला, ज्याने त्याने आपला दिवस भरायचा, तर बरं होईल.

---

पंचांगवाले_काका | १८ फेब्रुवारी, रात्री ९.००

डोंगरकोर, वाघबारसेबद्दल नुसतं ऐकून होतो. सविस्तर लिहाल का स्वतंत्र धाग्यात? फोटो असतील तर तेही.

मल्याळी मंडळी कुणी लिहीत नाहीत म्हणून मीच लिहितो, ओणम आणि आपला दिवाळीचा पाडवा यांचा राजा एकच. महाबळी वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो म्हणून त्यांच्याकडे फुलांची रांगोळी आणि केळीच्या पानावर सद्य, म्हणजे मेजवानी. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो". आपण वामनालाही अवतार मानतो आणि बळीचंही राज्य मागतो. त्यांच्याकडेही ओणमला वामन पुजतात, पण स्वागत बळीचं.

---

सोनचाफा | १९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

काल मीटिंग झाली. धागा मोबाइलवर वाचूनच दाखवला. काय ठरलं ते सांगते.

रंग ८ मार्चला, पंचमीला. धुळवडीला सकाळी फक्त कोरडा गुलाल, पार्किंगमध्ये, पाणी नाही. खजिनदार काका प्रसन्न.

नवीन सण यादीत एकही वाढवला नाही! माझी कल्पना होती की ओणम, छठ, ईद, नाताळ सगळ्यांचे एकेक कार्यक्रम ठेवू. पण इथे विचारलं तर कुणालाच कार्यक्रम नको आहे. कुणाला मोटर हवी, कुणाला गेट, कुणाला पार्किंगचा कोपरा. म्हणून यादीऐवजी एक वही केली, वॉचमनच्या टेबलावर. ज्याचा सण त्याने आठवडाभर आधी लिहायचं: तारीख, आणि काय लागेल. पाणी, गेट, लिफ्ट, जागा, किंवा "या दिवशी स्पीकर नको". पावतीवर "सांस्कृतिक निधी". आणि कोजागरीच्या मेसेजमधून "गैरहजर राहू नये" काढलं.

सी विंगमधल्या काकू तरी नाराज आहेत. त्यांना स्टेज हवं होतं, नाच बसवायचा होता. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, वहीत नाच कसा बसवणार. गणपतीत त्यांना एक संध्याकाळ दिली आहे.

वहीत पहिली नोंद सिंधी काकांची आली, २० मार्च, चेटीचंड. खाली लिहिलंय, "काही नको. सगळ्यांसाठी ताहिरी करतोय, डबे घेऊन या."

---

नेमकं_बोला | १९ फेब्रुवारी, रात्री ८.४५

अधिक ज्येष्ठात जावयाला धोंडे-जेवण असतं. ३३ अनारसे. त्यासाठी क्लबहाउस वहीत लिहिलं तर चालेल का? तीन जावई आहेत.

---

सोनचाफा | १९ फेब्रुवारी, रात्री ८.५०

लिहा. १७ मेपासून महिना लागतो, शनिवार-रविवार लवकर भरतील.

---

ठेकुआ_आणि_मिसळ | १९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

@जुनानाशिककर, पंचमीला आम्ही चौघं तिवंध्याला येतोय. किती वाजता सुरू होतं आणि गाडी कुठे लावायची?

---

जुनानाशिककर | १९ फेब्रुवारी, रात्री ९.४१

दुपारनंतर या, पूजा झाल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. गाडी आणू नका, रविवार कारंजापासून पायी. चांगल्या चपला, चष्मा आणि मोबाइल घरी ठेवा. पांढरे कपडे घाला, पिवळा खुलून दिसतो. आणि काठावर पोचलात की आधी मागच्याला जागा द्या, नाहीतर तोच ढकलेल.